घटक ३ : पु. ल. देशपांडे – सन्मान आणि सन्मानाचे उत्तरदायित्व

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी साध्य होतील :

• पु. ल. देशपांडे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्यांना लाभलेल्या सन्मानांचा कालक्रम आणि प्रत्येक सन्मानामागील कार्य स्पष्ट करता येईल.
• रंगभूमी, चित्रपट, आकाशवाणी व दूरचित्रवाणी या माध्यमांतील त्यांच्या कामाचा परस्परसंबंध विशद करता येईल.
• राजमान्यता आणि लेखकाचे विचारस्वातंत्र्य यांच्या नात्याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण मराठी विनोदी वाङ्मयाची परंपरा अभ्यासली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी आणि आचार्य अत्रे यांनी ही परंपरा घडवली. कोल्हटकर १९२७ साली पुण्याच्या, तर अत्रे १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे विनोदकाराला मान मिळतच नव्हता असे नाही. तथापि, हसवणारे लेखन हे गंभीर लेखनापेक्षा एक पायरी खालचे, असा समज वाङ्मयीन वर्तुळात दीर्घकाळ टिकून होता. हा समज निष्प्रभ करण्यात पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्या कर्तृत्वाचा मोठा वाटा आहे.

पुलंना मिळालेल्या पुरस्कारांची यादी पाठ करणे सोपे आहे. परीक्षेच्या दृष्टीने ती उपयुक्तही ठरते. परंतु सन्मान लाभल्यावर त्या व्यक्तीने त्याचे काय केले, हा प्रश्न चरित्राच्या अभ्यासकासाठी अधिक महत्त्वाचा असतो. प्रस्तुत घटकात पुलंचे जीवन या प्रश्नाच्या अनुषंगाने मांडले आहे.

३.३ जडणघडण

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईतील गावदेवी भागात झाला. बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे गेले. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लेखन करीत. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘गीतांजली’ त्यांनी अभंगरूपात मराठीत आणली होती. पुढे पुलंनी पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात राहून बंगाली भाषेचा अभ्यास केला, त्याचे बीज या घरात आढळते. घरात संगीताची आवड होती. पेटीवर पुलंचा हात लहानपणीच बसला आणि अखेरपर्यंत ती त्यांची सोबतीण राहिली.

पार्ले टिळक विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण झाले. तरुणपणीच घरची जबाबदारी अंगावर आल्याने शिकवण्या, कारकुनी, शाळेतील नोकरी असे मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण चालू ठेवले. नोकरी करता करता पदवी घेणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हा तपशील जवळचा वाटेल. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून १९५० मध्ये ते एम. ए. झाले. बेळगावचे राणी पार्वतीदेवी महाविद्यालय आणि मुंबईचे कीर्ती महाविद्यालय येथे त्यांनी मराठीचे अध्यापन केले. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुलंच्या पुढील सर्व वाटचालीत सुनीताबाईंची चिकित्सक दृष्टी, व्यवहारातील काटेकोरपणा आणि शिस्त यांचा भाग फार मोठा आहे.

याच काळात पुलं चित्रपटसृष्टीत वावरत होते. ‘वंदे मातरम्’ (१९४८) या चित्रपटात पुलं व सुनीताबाई दोघांनी भूमिका केल्या. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका ही सर्व कामे त्यांनी एकट्याने केली. एकाच व्यक्तीच्या ठायी इतक्या कला एकवटलेल्या पाहून प्रेक्षक त्यांना अष्टपैलू म्हणू लागले. मात्र चित्रपटव्यवसायात ते रमले नाहीत आणि लवकरच त्यातून बाहेर पडले.

३.४ आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी

१९५५ मध्ये पुलं आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले. या माध्यमात श्रोता दिसत नाही. केवळ आवाजाच्या चढउतारातून माणूस उभा करावा लागतो. पुढे एकपात्री प्रयोगांत त्यांनी एका क्षणात एका पात्रातून दुसऱ्या पात्रात जाण्याचे जे कौशल्य दाखवले, त्याची तयारी येथे झाली असे म्हणता येते.

१९५८ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला बीबीसीमध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेण्यासाठी गेले. या वास्तव्यातूनच ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन निर्माण झाले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतीय दूरचित्रवाणीचा प्रायोगिक प्रारंभ झाला. त्या आरंभीच्या काळातील निर्मात्यांमध्ये पुलंचा समावेश होता. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची दूरदर्शनसाठी पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या माध्यमात इतक्या लवकर स्थान मिळवलेल्या माणसाला सरकारी सेवेत वर चढत जाणे अवघड नव्हते. पुलंनी ती वाट सोडली आणि ते मुंबईला परतले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर पुलंच्या प्रयोगांची व अभिवाचनांची चित्रमुद्रणे पडद्यावरून घरोघरी पोहोचली. ज्यांना नाट्यगृहात जाणे शक्य नव्हते अशा गावोगावच्या प्रेक्षकांनाही पुलं प्रत्यक्ष बोलताना दिसले.

३.५ रंगमंच आणि सन्मानांचा पहिला कालखंड

‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) या नाटकाने पुलंना नाटककार म्हणून स्थिर केले. आचार्य आणि काकाजी या दोन जीवनदृष्टींचा संघर्ष त्यात आहे. प्रेक्षक हसत हसत त्याकडे पाहतात. परंतु आचार्यांच्या वाट्याला आलेला एकाकीपणा नाटककाराने सहानुभूतीने रंगवला आहे. ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग १९६१ पासून सुरू झाले. मध्यमवर्गीय चाळीतील अनेक बिऱ्हाडे एकच नट रंगमंचावर उभी करतो, हा अनुभव मराठी प्रेक्षकांना नवा होता. त्यापाठोपाठ ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘असा मी असामी’ यांचेही प्रयोग लोकप्रिय झाले.

लोकप्रियतेची ही लाट उसळलेली असतानाच सन्मानांचा पहिला कालखंड सुरू होतो.

१९६५ मध्ये नांदेड येथील नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद पुलंना मिळाले. त्याच वर्षी ‘व्यक्ती आणि वल्ली’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९६६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली आणि १९६७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा रीतीने अवघ्या तीन वर्षांत साहित्य, रंगभूमी आणि शासन या तिन्ही क्षेत्रांनी त्यांच्या कार्याची नोंद घेतली.

यांपैकी साहित्य अकादमी पुरस्काराचे महत्त्व विशेष आहे. त्याआधी मराठीत हा पुरस्कार मिळालेल्या ग्रंथांत वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९६०), श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (१९६३) आणि रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६४) या कादंबऱ्या येतात. पुराणकथा, ग्रामीण कुटुंबाची ससेहोलपट आणि पेशवाईचा इतिहास असे त्यांचे विषय आहेत. त्यांच्या पंक्तीला लग्नघरात राबणारा नारायण, चितळे मास्तर, सखाराम गटणे आणि रत्नागिरीचा अंतू बर्वा ही साधी माणसे येऊन बसली. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील विनोद माणसाला खाली पाहायला लावत नाही. वाचक आधी त्या माणसाच्या लकबीला हसतो आणि अखेरीस त्याच्या एकटेपणापाशी येऊन थबकतो. विनोद आणि करुण यांचे हे सख्य अकादमीच्या पुरस्काराने अधिकृतपणे मान्य झाले, असे म्हणता येईल.

३.६ सन्मानातून दानाकडे

प्रयोग आणि पुस्तके यांतून मिळणारे उत्पन्न पुलं व सुनीताबाई यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या द्वारे त्यांनी शिक्षण, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील संस्थांना साहाय्य केले. अनिल व सुनंदा अवचट यांनी पुण्यात उभारलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण होय. तरुणांमध्ये पसरलेल्या गर्दच्या व्यसनाविषयी अवचटांनी लिहिलेले लेख पुलंच्या वाचनात आले आणि केंद्राच्या उभारणीसाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. हे केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले.

दानाच्या या पद्धतीत दोन गुण दिसतात. पहिला असा की, मदतीची जाहिरात करण्याकडे त्यांचा कल नव्हता. दुसरा असा की, मदत योग्य ठिकाणी पोहोचते की नाही याची पाहणी काटेकोरपणे होत असे. हे काम मुख्यतः सुनीताबाई पाहत. ज्या प्रेक्षकांनी तिकिटे काढून आपल्याला मोठे केले, त्यांचे ऋण समाजाला परत करायचे, ही भूमिका त्यामागे होती.

३.७ संमेलनाचे अध्यक्षपद आणि आणीबाणी

१९७४ मध्ये इचलकरंजी येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पुलंनी भूषवले. मराठी लेखकाच्या दृष्टीने हा फार मोठा मान समजला जातो. त्यानंतर काही महिन्यांतच, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले; अनेक विरोधी नेते तुरुंगात गेले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाड येथे भरलेल्या संमेलनात नूतन अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा जाहीर पुरस्कार केला. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

या काळात राजमान्यता लाभलेल्या लेखकांची कसोटी लागली. पद्मश्री देणारे सरकार आणि लेखणीवर बंधने घालणारे सरकार एकाच पक्षाचे होते. पुलंनी मिळालेल्या मानाचा आधार घेऊन गप्प राहणे पसंत केले नाही. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी आणीबाणीविरोधात ठिकठिकाणी जाहीर सभांतून भाषणे केली. आजवर केवळ विनोद ऐकण्यासाठी जमणारी माणसे त्यांच्याकडून लोकशाहीविषयी ऐकू लागली. निवडणुकीत सत्तांतर झाले. त्यानंतर पुलं कोणत्याही पदाच्या मागे न लागता लेखनाकडे वळले. राजकारणाशी त्यांचा संबंध नागरिक म्हणून होता, हे त्यावरून सिद्ध झाले.

३.८ सोलापूरशी जोडणारा धागा : तमाशा आणि विदूषक

सोलापूरच्या विद्यार्थ्यांना लावणीकार शाहीर राम जोशी यांचे नाव परिचित आहे. ते सोलापूरचे. विद्वत्ता आणि लोकरंजन या दोन गोष्टी एकाच कलावंतात नांदू शकतात, याचे ते जुने उदाहरण आहेत. पुलंनाही लोकनाट्याचे आकर्षण होते. ‘पुढारी पाहिजे’ या त्यांच्या आरंभीच्या वगनाट्यातून ते दिसते.

याच संदर्भात सोलापूरशी नाते असलेल्या आणखी एका कलावंताचा उल्लेख करावा लागतो. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या प्रसिद्ध संगीतिकेचे पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने मराठी रूपांतर केले आणि १९७८ मध्ये थिएटर अकादमीने डॉ. पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले. युरोपातील शहरी गुन्हेगारांचे विश्व तमाशाच्या चौकटीत आणण्याचा हा प्रयत्न होता.

या दोघांची पुढची महत्त्वाची निर्मिती म्हणजे ‘एक होता विदूषक’ (१९९२) हा चित्रपट. पुलंनी त्याचे लेखन केले. तमाशातील सोंगाड्या आबुराव चित्रपटात जातो, प्रसिद्धी मिळवतो, सत्तेच्या जवळ पोहोचतो. या चढणीवर त्याचे मूळ हसू मात्र हरवत जाते. ही भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केली. या चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हसवणाऱ्याला मान मिळू लागला की त्याच्या हसण्याचे काय होते, हा प्रश्न त्यात केंद्रस्थानी आहे. तोवर पुलं स्वतः अनेक सन्मानांचे धनी झाले होते. त्यामुळे हे कथानक लिहिताना त्यांनी स्वतःच्या व्यवसायाकडेही तटस्थपणे पाहिले असावे, असे अनुमान करता येते.

३.९ सन्मानांचा उत्तरार्ध आणि महाराष्ट्रभूषण

पुलंच्या उत्तरायुष्यात सन्मान सातत्याने येत राहिले. त्यांचा कालक्रम असा :

• १९७९ – संगीत नाटक अकादमीची रत्नसदस्यता
• १९७९ – रवींद्र भारती विद्यापीठाची सन्मान्य डी. लिट.
• १९८० – पुणे विद्यापीठाची सन्मान्य डी. लिट.
• १९८७ – मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान
• १९९० – पद्मभूषण
• १९९३ – पुण्यभूषण पुरस्कार आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची डी. लिट.
• १९९६ – महाराष्ट्रभूषण पुरस्कार

या यादीतील रवींद्र भारती विद्यापीठाची पदवी मराठीबाहेरच्या भाषिक समाजाने दिलेली आहे. आजोबांनी मराठीत आणलेल्या रवींद्रनाथांच्या नावाचे हे विद्यापीठ. त्याने नातवाचा गौरव करावा, हा योग अर्थपूर्ण आहे.

महाराष्ट्रभूषण हा राज्य शासनाचा सर्वोच्च पुरस्कार. त्याचे पहिले मानकरी पुलं ठरले. त्या वेळी राज्यात शिवसेना–भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार होते. पुलंचे वय सत्त्याहत्तर वर्षांचे, प्रकृती क्षीण झालेली. सत्काराला उत्तर देताना उपचारापुरते आभार मानून थांबणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी त्या प्रसंगी लोकशाही मार्गाने सत्तेवर आलेल्यांच्या मुखी दंडेलीची भाषा येऊ लागल्याबद्दल खेद व्यक्त केला. हे बोल सत्ताधाऱ्यांना झोंबले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीरपणे कठोर शब्दांत त्यांच्यावर टीका केली. महाराष्ट्रात त्यावर मोठी खळबळ उडाली. वृत्तपत्रांतून उलटसुलट चर्चा झाली आणि अनेक साहित्यिक व वाचक पुलंच्या बाजूने उभे राहिले.

या प्रसंगाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. ज्या शासनाकडून पुरस्कार स्वीकारायचा, त्याच शासनाला त्या व्यासपीठावरून सुनावणे अनुचित आहे, असे एक मत आहे. यजमानाच्या घरी पाहुण्याने पाळावयाचा संकेत त्यात गृहीत धरला आहे. दुसरे मत असे की, राज्याचा पुरस्कार हा जनतेच्या वतीने आणि जनतेच्या पैशातून दिला जातो. सत्तेवर कोणता पक्ष आहे हा त्या क्षणापुरता योगायोग असतो. म्हणून पुरस्कृत लेखकाचे उत्तरदायित्व जनतेशी असते. पुलंचे वर्तन दुसऱ्या मताशी सुसंगत आहे. १९७७ मध्ये त्यांनी एका पक्षाच्या सत्तेला विरोध केला होता. १९९६ मध्ये सत्तेवर वेगळे पक्ष होते, पण पुलंचा निकष बदलला नाही. या सातत्यामुळे त्यांच्या टीकेला पक्षीय रंग चिकटू शकला नाही.

संस्कृत नाटकातील विदूषक राजाच्या सर्वांत जवळ असतो आणि राजाला अप्रिय वाटेल असे बोलण्याची मुभाही त्यालाच असते. चार वर्षांपूर्वी पडद्यावरच्या आबुरावाची कथा लिहिणाऱ्या पुलंनी ही मुभा प्रत्यक्ष आयुष्यात वापरली. फरक इतकाच की, त्या प्रसंगी त्यांनी विनोदाचा आडोसा घेतला नाही.

३.१० अखेर आणि स्मृती

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलंचे निधन झाले. त्यांच्या विवाहाला त्याच दिवशी चौपन्न वर्षे पूर्ण होत होती. मुंबईतील प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या वास्तूत पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे, तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरील उद्यानाला त्यांचे नाव दिले आहे. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१८ मध्ये ‘व्यक्ती आणि वल्ली’तील माणसे ‘नमुने’ या हिंदी मालिकेतून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली. ज्या माध्यमाच्या उभारणीत पुलंचा प्रारंभी हात लागला होता, त्याच माध्यमातून त्यांचे लेखन नव्या पिढीसमोर गेले.

३.११ सारांश

पुलंना मिळालेला प्रत्येक सन्मान त्यांच्या कर्तृत्वाचा एकेक पैलू टिपतो. साहित्य अकादमीने लेखक पाहिला, संगीत नाटक अकादमीने रंगकर्मी पाहिला, विद्यापीठांनी संस्कृतीचा अभ्यासक पाहिला, शासनाने मान्यवर नागरिक पाहिला. हे सर्व पैलू सामावून घेणारा एक पुरस्कार अस्तित्वात नव्हता. पुलंनी सन्मानातून आलेले धन समाजकार्याला दिले आणि सन्मानातून आलेली प्रतिष्ठा विचारस्वातंत्र्यासाठी वापरली. धन देण्यात काही काळ त्रास होतो. प्रतिष्ठा पणाला लावण्यात आयुष्यभर जोडलेली माणसे दुरावण्याचा धोका असतो. हा धोका त्यांनी प्रकृती साथ देत नसतानाही पत्करला. म्हणून त्यांच्या पुरस्कारांची यादी वाचताना १९७७ आणि १९९६ ही दोन वर्षे तिच्याशेजारी ठेवून वाचावीत.

३.१२ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. पुलंच्या दूरचित्रवाणीविषयक कार्याचा थोडक्यात परिचय करून द्या.
२. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला मिळालेल्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मराठी विनोदी वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करा.
३. ‘एक होता विदूषक’ या चित्रपटाचा विषय आणि पुलंचे सार्वजनिक जीवन यांतील संबंध विशद करा.
४. राज्याचा पुरस्कार स्वीकारणाऱ्या लेखकाने राज्यकर्त्यांवर टीका करावी का? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.

उपक्रम : आपल्या परिसरात विनोदी नाटक, वगनाट्य किंवा भारूड सादर करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ कलावंताला भेटा. सोलापूर शहरातील विद्यार्थ्यांनी हुतात्मा स्मृती मंदिरात होणारा एखादा विनोदी नाट्यप्रयोग पाहिला तरी चालेल. त्या कलावंताला मिळालेला मान, त्याच्या कलेचे स्वरूप आणि प्रेक्षकांशी असलेले त्याचे नाते यांवर सुमारे तीनशे शब्दांत टिपण लिहून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सादर करा.